कानमिस्त्री

कानमिस्त्री माणसांचं फारसं ऐकत नसत. धातूचं मात्र शब्द न् शब्द ऐकत. समोर कितीही मोठं गिऱ्हाईक बोलत असलं तरी हे मान खाली घालून कानशीच्या दातांतला कीस काढत बसायचे. पण फाउंड्रीतून आलेला एखादा ओतीव तुकडा दोरीने आढ्याला टांगला आणि मिस्त्रींनी बाभळीची मोगरी हातात घेतली, की सगळं वर्कशॉप गप्प व्हायचं. लेथ बंद, ग्राइंडर बंद, कामगारांच्या गप्पा बंद. मिस्त्री एकच टोला द्यायचे. डोळे मिटायचे, मान डावीकडे कलायची, आणि तो आवाज विरत विरत पार संपेपर्यंत माणूस जागचा हलायचा नाही. मग निकाल लागायचा. तुकडा आतून अखंड असेल तर "बोलतंय." कुठे चीर असेल, पोकळी असेल तर "मुकं हाय." आणि शंका आली तर "बोबडं हाय, सकाळच्याला परत ऐकू."

त्यांचं खरं नाव त्यांच्या घरच्यांना आणि रेशनकार्डाला ठाऊक. वडील बग्ग्यांच्या चाकांवर लोखंडी धावा चढवायचे, एवढं ते स्वतःहून सांगत. बाकी सगळ्या उद्यमनगरात, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत, ते कानमिस्त्रीच. गिऱ्हाईक माल न्यायला आलं की आधी विचारायचं, "मिस्त्रींनी ऐकलंय न्हवं?" तुकड्यावर खडूची फुली दिसली की विषय संपला. मग तो विहिरीवरच्या पंपाचा भाग असो, नाहीतर गुऱ्हाळाच्या इंजिनाचं चाक असो, माणूस निर्धास्त घरी जायचा.

मी त्या वर्कशॉपच्या मालकांची सून. सत्तरच्या दशकात सांगलीहून लग्न होऊन आले, ती बी.एस्सी. केमिस्ट्री ही पदवी मिरवत. वर्ग दुसरा होता, पण सांगताना मी तेवढा गाळत असे. रसायनशास्त्र अंगात इतकं भिनलेलं, की आमटीत मीठ टाकतानाही मी त्याला सोडियम क्लोराइड म्हणायची. सासूबाई एकदा शांतपणे म्हणाल्या, "काय घालायचं ते घाल बाई, पण जरा बेतानं घाल." आज नातवंडं मला शहाणी आजी म्हणतात. त्यांनी तेव्हाची ती बया पाहिलेली नाही.

वर्कशॉप घराच्या मागच्या बाजूला होतं. घरात माझ्या ज्ञानाचा जाच होऊ लागला म्हणून असेल, पण मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला तिथे जॉबकार्डं, म्हणजे कुणाचं काय काम आलं-गेलं त्याच्या नोंदी, लिहायला बसवलं. पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी मोगरी उचलली, टोला दिला, डोळे मिटले, आणि मी नेमकं तेव्हाच रजिस्टरचं पान उलटलं. हातात नव्या नवरीचा हिरवा चुडा. किणकिण झाली. मिस्त्रींनी एक डोळा उघडला.

"सूनबाई, त्ये हातातलं वाजतंय."

"बांगड्या आहेत," मी म्हटलं.

"त्ये दिसतंय की. काढा."

नव्या सुनेला बांगड्या काढायला सांगणारा माणूस! मी गोरीमोरी झाले, मामंजी खाकरले, कामगार छताकडे बघू लागले. शेवटी तोड मिस्त्रींनीच काढली. पुसायची दोन फडकी त्यांनी मला दिली आणि बांगड्यांवरून घट्ट गुंडाळायला लावली. पुढची तीन वर्षं मी दोन्ही मनगटांना फडकी बांधून टेबलाशी बसत होते, आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक कळवळून विचारत होतं, "वैनी, कशानं वो भाजलं?"

मिस्त्रींनी सगळ्या धातूंना माणसांत आणून बसवलं होतं. "बीडाचं लोखंड म्हंजे तालमीतला पैलवान. म्हणशील तेवढं वजन उचलंल, पर वाक म्हटलं की मोडंल." पितळ म्हणजे पाटलीणबाई, रोज घासली-पुसली तरच तिचं तोंड उजळणार. ॲल्युमिनियम म्हणजे कचेरीतला हेडक्लार्क, कपडे झकास पण जड काम सांगायची सोय नाही. एकदा मी विचारलं, "आणि मॅग्नेशियम?" आपल्याला असा एक धातू ठाऊक आहे, हे त्यांना कळावं एवढाच माझा हेतू.

"त्यो जावई," मिस्त्री म्हणाले. "वजनाला हलका, मानाला जड. बिनसलं तर घर पेटवून जाईल."

मी लगेच ऐकवलं, की मॅग्नेशियम हवेत प्रखर ज्योतीने जळते आणि पांढरी राख उरते. मिस्त्रींनी माझं बोलणं संपेपर्यंत विडीचं थोटूक विझवलं. "पुस्तकात जळतंय ती इतभर फीत, सूनबाई. हितं जळंल त्ये छप्पर."

आणि एका हिवाळ्यात खरोखरच चार जावई एकदम आमच्या दारात आले. कुरुंदवाडकडचे एक इनामदार होते, सगळे त्यांना सरकार म्हणत. त्यांच्या वडिलांनी पन्नासच्या दशकात विलायतेहून शर्यतीची एक दोन माणसांची गाडी आणली होती. लांब नाकाची, इतकी बुटकी की आत बसल्यावर बूड रस्त्याला टेकेल असं वाटावं. वडील गेल्यावर ती कित्येक वर्षं गोठ्याशेजारी पडून होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. सरकारांचा मुलगा, धाकटे सरकार, पंचविशीचा. त्याच्या डोक्यात आलं, की ही गाडी दुरुस्त करून पन्हाळ्याच्या घाटात जुन्या गाड्यांची शर्यत होणार होती तिच्यात पळवायची. इंजिन दुसरीकडे झालं. चाकं आमच्याकडे आली, कारण ती मॅग्नेशियमची ओतीव चाकं होती आणि बाकी कुणी त्यांना हात लावायला तयार नव्हतं. तशी चाकं आपल्या देशात कुठेच मिळणारी नव्हती. चार होती, आणि चारच होती.

मी एक चाक एका हाताने उचललं तेव्हा मला भातुकलीतलंच वाटलं. वर चांदीच्या रंगाचे थरावर थर आणि त्याखाली पांढरी बुरशीसारखी पुटं. मिस्त्रींनी चारही एकेक करून टांगली, टोला दिला, डोळे मिटले आणि चारींवर फुल्या मारल्या. "बोलत्यात."

त्यानंतरचे दहा-बारा दिवस आमच्या वर्कशॉपमध्ये लग्नघराची शिस्त होती. तारेचा ब्रश बंद, लोखंडी पटाशी बंद. पुटं खरवडायची ती बांबूच्या तासलेल्या चिपांनी. जुना रंग काढायला चाकं गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात सोडली. ॲल्युमिनियम त्यात विरघळून जातं, ह्या जावयाला मात्र काही होत नाही. "सगळ्या जगाच्या उलटा," मिस्त्री कौतुकाने म्हणायचे. लेथवर कडा साफ करताना त्यांनी रेतीचा डबा पायाशी ठेवला होता. एकदा चिमूटभर कीस पेटला. भर दुपारी भिंतीवर आमच्या सगळ्यांच्या सावल्या उमटल्या, इतका पांढरा उजेड पडला. मिस्त्रींनी वर रेती ओतली आणि ओरडले, "पाणी न्हाय! कुणी पाणी न्हाय टाकायचं!" पाणी कुणीच टाकत नव्हतं. मी तेवढी फुलपात्र तोंडाला लावून उभी होते, ती घोट तसाच तोंडात धरून उभी राहिले.

साफ झालेलं चाक मग बायक्रोमेटच्या द्रावणात बुडवायचं. बाहेर येताना ते पिवळंजर्द होऊन यायचं. ते कवच चढलं की हवेने गंज धरत नाही, वर रंगही पक्का बसतो. मिस्त्री त्याला हळद म्हणत. "एकाला हळद लागली," ते चाक फडक्यात गुंडाळताना सांगायचे, "तीन ऱ्हायल्यात."

त्याच दिवसांत एकदा मी मनगटाची फडकी बांधायला विसरले. मिस्त्री कुठलासा पंपाचा भाग ऐकत होते आणि माझ्या बांगड्या चांगल्या खणखणल्या. मी जीभ चावली. पण मिस्त्री काहीच बोलले नाहीत, डोळेसुद्धा उघडले नाहीत. संध्याकाळी मी सासूबाईंना अभिमानाने सांगितलं, "मिस्त्री आता मला घरचं समजायला लागलेत." मी काही सांगितलं की हल्ली ते "आँ?" म्हणून पुन्हा विचारायचे. तेही मी माझ्याच खाती जमा केलं. माझं बोलणं आता त्यांना दोनदा ऐकावंसं वाटतं, असं माझं निदान होतं.

शुक्रवार उजाडला. तीन चाकांना हळद लागलेली, चौथं नुकतं कॉस्टिकमधून निघून बाकावर होतं. दर्शनी बाजूला करडे डाग राहिले होते. मिस्त्री दुपारच्या नमाजाला गेलेले, कामगार जेवायला, मामंजी फाउंड्रीत. रविवारी सरकार चाकं बघायला येणार होते. आणि त्याच सकाळी, मी घासलेली देवाची उपकरणी बघून सासूबाई लग्नानंतर पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, "बरी निघालीत." ही पदवी मला बी.एस्सी.पेक्षा मोठी वाटली. मी स्वयंपाकघरातून उरलेला चिंचेचा गोळा आणि मूठभर मीठ आणलं, आणि त्या विलायती चाकाला समईला द्यावा तसा लेप दिला. चिंच जरा मुरावी लागते. मुरू दिली.

चाक फसफसायला लागलं. आधी कडेने, मग सगळीकडून, उसाच्या रसावर यावा तसा फेस. माझ्या डोळ्यांपुढे परीक्षेचा पेपर उभा राहिला: मॅग्नेशियम अधिक आम्ल, बरोबर हायड्रोजन वायू. हे समीकरण मी तीन परीक्षांत लिहिलं होतं आणि तिन्ही वेळा पूर्ण गुण मिळवले होते. चिंच आम्ल असते का, असं कुणी विचारलं असतं तर तेही सांगितलं असतं. पण स्वयंपाकघरातली चिंच आणि पेपरातलं आम्ल ह्यांची माझ्या डोक्यात कधी ओळखच करून दिलेली नव्हती.

पाण्याची भरलेली बादली हाताशी होती. पण कानात मिस्त्रींचा आवाज, पाणी न्हाय! मी सुक्या फडक्याने फेस टिपत राहिले, त्याने तो आणखी पसरत राहिला.

मिस्त्री आत आले तेव्हा नमाजाची टोपी अजून डोक्यावर होती. त्यांनी एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा माझ्या हातातल्या फडक्याकडे, आणि बादली उचलून भडाभडा ओतली. मग दुसरी. मग तिसरी.

"अगं, आग लागली तवा पाणी न्हाय! आंबट लागलं तर पाणीच की!"

चाकाचा चेहरा देवी येऊन गेल्यासारखा झाला होता. काळा, खड्ड्याखड्ड्यांचा. मी रडायच्या तयारीत होते. पण मिस्त्री रागवायचं सोडून एकाच जागी बघत राहिले. मधल्या भागापासून एका आऱ्याकडे जाणारी बोटभर लांबीची एक पट्टी होती, तिला चिंचेने काही केलं नव्हतं. भोवतालचा धातू खाल्ला गेला आणि ती गुळगुळीत वर उठून दिसत होती. मिस्त्रींनी तिच्यात नख रुतवलं. नखाचा वण उमटला.

"शिसं," ते म्हणाले.

कधीकाळी त्या चाकाला चीर गेली होती. कुणीतरी चिरेत शिसं ठोकून भरलं होतं, वरून रंग मारला होता आणि चाक गाडीला चढवलं होतं. मिस्त्रींनी चाकाला घासलेट चोपडलं, थोड्या वेळाने कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरवली. चीर असेल तर आत शिरलेलं घासलेट हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. ह्या तपासणीला मिस्त्री आजवर बहिऱ्याचा कान म्हणून हसत आले होते. शिशाच्या दोन्ही टोकांतून केसासारखी ओली रेघ निघाली आणि कडेपर्यंत गेली.

मी मूर्खासारखी सुटकेचा श्वास टाकला. "म्हणजे चाक आधीच फुटकं होतं! बरं झालं ना मग चिंच लावली?"

मिस्त्री स्टुलावर बसले. एक चांगलं चाक आणि हे चाक, दोन्ही त्यांनी मला टांगायला लावली. "मोगरी घे. टोला दे. दोन्हीला."

मी दिला. एक देवळातल्या घंटेसारखं वाजलं, लांबपर्यंत. दुसरं लाकडी पाट आपटावा तसं.

"फरक हाय?"

"आहे."

"किती?"

"खूप आहे, मिस्त्री."

"मला न्हाय," ते म्हणाले. "मला दोन्ही सारखीच हायत. आन् म्या ह्येच्यावर फुली मारली."

तेव्हा कुठे माझ्या बांगड्या मला ऐकू आल्या. मी इतकी हुशार, की समोरच्या माणसाला ऐकू येईनासं झालंय यापेक्षा त्याला माझं कौतुक वाटू लागलंय, हेच मला जास्त शक्य वाटलं होतं.

थोड्या वेळाने मी घाबरत घाबरत एक तोड सुचवली. साफ करताना चीर दिसली, एवढंच सांगायचं. माझ्या चिंचेचं कुणाला कळायला नको, तुमच्या कानाचं कुणाला कळायला नको. मला तो सौदा फारच न्यायाचा वाटला. मिस्त्री नुसते म्हणाले, "बघू."

रविवारी सरकारांची जीप आली. मी आतल्या दाराआड, पदराचं टोक तोंडात धरून. मिस्त्रींनी तीन पिवळी चाकं ओळीने मांडली होती आणि चौथं, काळं, बाजूला.

"सरकार, तीन तयार हायत," ते म्हणाले. "चौथं मुकं हाय, साफ करताना घावलं. पर म्या त्येला बोलतंय म्हणून फुली मारलती. माझा कान गेलाय."

मामंजी एकदम पुढे झाले. "मिस्त्री, काय बोलताय?"

"खरं हाय त्ये बोलतोय, मालक."

धाकटे सरकार अस्वस्थ झाले. "अहो, एका दिवसाचं तर काम आहे. रंग देऊन टाका. घाट चढून यायचा फक्त."

"आँ?"

"रंग देऊन टाका म्हटलं! घाट चढून यायचा फक्त!"

ओरडून सांगितल्यावर ते वाक्य त्यालाच बरं वाटेना. मिस्त्रींनी त्याचं बोट धरून त्या ओल्या रेघेवरून मधल्या भागापासून कडेपर्यंत फिरवलं. पोरग्याने बोट मागे घेतलं.

सरकारांनी हळू आवाजात विचारलं, "बाकीच्या तिन्हींचं काय मग?"

मिस्त्री त्यांच्या ओठांकडे बघत होते. "घासलेटानं तपासली. साफ हायत. तुमच्यासमोर परत दावतो."

"आणि आजवर ज्या ज्या मालावर फुली मारलीत, त्याचं?"

मिस्त्रींनी नजर त्या काळ्या चाकाकडे वळवली. मग ते म्हणाले, "हुकूम करा सरकार, ह्ये चाक फोडतो. आसंच ठिवलं तर कुणीतरी रंग मारून कुठल्या तरी गाडीला लावणारच. आधीबी लावलंच की."

सरकारांनी वडिलांच्या त्या चाकावरून एकदा हात फिरवला. "फोडा."

घणाचा एकच घाव. चाक बरोब्बर त्या रेघेवर उकललं आणि शिशाची पट्टी फरशीवर पडली. धाकटे सरकार जीपच्या पायरीवर जाऊन बसले. चहा ठेवलेला होता, कुणी घेतला नाही.

"साफ करताना घावलं" ह्या तीन शब्दांत मिस्त्रींनी माझी सगळी चिंच झाकली होती. स्वतःचं नाक चारचौघांत स्वतः कापून माझं शाबूत ठेवलं होतं. आणि मी, बी.एस्सी., दाराआडून बाहेर आले नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री मामंजींसमोर उभे राहिले. मागच्या दोन वर्षांची जॉबकार्डं द्या म्हणाले. "दोन वर्सं तरी झाली आसतील, कमी ऐकू येतंय. कबूल कराया जीव हुईना. आता जिथं जिथं माल गेला, तिथं जाऊन परत बघतो."

मामंजींनी कपाळाला हात लावला. "मिस्त्री, दारोदार जाऊन आपलाच माल फुटका आहे का विचारणार? वर्कशॉपचं नाव राहील का?"

"सांगा, मिस्त्री म्हातारा झाला. माझं नाव जाऊ द्या. गुऱ्हाळाच्या चाकाजवळ माणसं बसत्यात, मालक."

"आणि जाणार कसे? ह्या वयात सायकलवरून कुरुंदवाड?"

"मी नेते," मी म्हटलं. "मोपेडवरून."

मामंजी वळले. "तुझा काय संबंध?"

मग मला सांगावंच लागलं. चिंच, मीठ, फेस, सुकं फडकं, सगळं. मामंजी घराकडे तोंड करून ओरडले, "अहो, ऐकलंत का? आजपासून चिंच कुलपात ठेवा!" माझी शिक्षा तेवढीच झाली.

पुढचे दोन महिने उद्यमनगराला करमणुकीची ददात नव्हती. मी पदर खोचून मोपेडवर पुढे. मागे कानमिस्त्री, एका हातात घासलेटची बाटली, दुसऱ्यात खडूच्या पुडीची पिशवी, कमरेला मोगरी. चहाच्या गाड्यावरून कुणीतरी रोज विचारायचं, "मिस्त्री, आज कुठं पळवून न्यायल्यात तुम्हाला?" मिस्त्रींना ऐकू यायचं नाही, ते हात उंचावून सलाम करायचे. उचगाव झालं, कागलकडची गावं झाली. विहिरींत उतरलो, पंप उघडले. सगळीकडे मिस्त्री तेच वाक्य म्हणायचे: "माझी चूक हुती का बघायला आलोय." काही हसले, काही चिडले, एकाने तर आम्हाला पुन्हा त्या वाटेला येऊ नका म्हणून सांगितलं. मिस्त्री टोला द्यायचे आणि आता माझ्या तोंडाकडे बघायचे. मी मान हलवायची. वर घासलेट आणि खडू. सगळा माल साफ निघत होता, आणि दर साफ तुकड्यागणिक मिस्त्री जास्तच गप्प होत होते. मला वाटलं, आता खूश व्हायला काय हरकत आहे? त्यांच्या मनात फक्त उरलेले तुकडे असायचे.

कुरुंदवाडच्या बाहेर एक गुऱ्हाळ होतं. हंगाम ऐन भरात. मालक आम्हाला बघून वैतागला. "अवो पावणं, उसाच्या गाड्या लाइनीत उभ्या हायत. मशीन बंद करून तुमची रांगोळी बघत बसू व्हय?" मिस्त्री इंजिनाच्या मोठ्या चाकाशेजारी जाऊन मांडी घालून बसले. मशीन थांबेपर्यंत ते उठले नाहीत. मिस्त्रींनी टोला दिला. मी मान हलवली नाही. त्यांनी पुन्हा दिला. खडूवर रेघ उमटली.

त्या चाकापासून दोन हातांवर, चरकात ऊस सारायला, मालकाची आई बसत होती. मिस्त्रींनी तिच्यापुढे हात जोडले. "माय, माझ्या कानानं दगा दिला. चाक फुटलं आस्तं तर तुमच्यावर आलं आस्तं."

म्हातारीने हाताचा द्रोण कानाशी नेला. "काय म्हनतोयस?"

"मला ऐकू येत न्हाय!" मिस्त्री ओरडले.

"मलाबी न्हाय!" म्हातारी ओरडली. "म्हणून तर ह्या मशीनपाशी बशीवलंय मला! रस पितोस का?"

ती दोघं रस पीत, एकमेकांना काहीही ऐकू न येता, तासभर गप्पा मारत बसली. मालकाने मुकाट्याने पट्टा उतरवला. त्या दोन महिन्यांत सापडलं ते एवढंच एक. परत येताना मिस्त्रींनी कमरेची मोगरी काढून माझ्या मोपेडच्या पुढच्या जाळीत ठेवली. मी मागे वळून पाहिलं, ते दुसरीकडेच बघत होते. त्यांनी पुन्हा कधी ती मागितली नाही, मीही परत केली नाही. पुढची बरीच वर्षं आमच्या मालावर फुली मी मारत होते. पण मी मारलेल्या प्रत्येक फुलीआधी घासलेट आणि खडू असायचाच, माझा कान कितीही शाबूत असला तरी. गिऱ्हाइकं मात्र पूर्वीपेक्षा वाढली. का, ते मामंजींना शेवटपर्यंत उमगलं नाही.

मिस्त्री मग उचगावला लेकीकडे राहायला गेले. दर ईदेला मी जायची. शेवटची भेट झाली तेव्हा त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. गल्लीत खाट टाकून उन्हाला बसले होते, हात पातळ झालेले. शीरखुर्मा मला वाढायला लावला, वाटी रिकामी होईपर्यंत बघत बसले. मग इतक्या वर्षांनी एकदम विचारलं, "सरकारांचा त्यो धाकटा? गाडी पळवली का त्येनं?"

"पळवली. साधी लोखंडी चाकं लावून. शेवटून दुसरा आला."

"आँ?"

"शेवटून दुसरा आला!" मी दोन बोटं दाखवली.

त्याला दोन मुलं आहेत, असा त्यांनी अर्थ घेतला. तेही खरंच होतं, म्हणून मी मान हलवली.

"आन् तब्येत?"

"पोट सुटलंय!"

"आँ?"

"पोट! सुटलंय! पोट!" मी पोटावर हात फिरवत सगळी ताकद लावून ओरडले. तीन दारांतून बायका बाहेर आल्या. एकीने काळजीने विचारलं, "कुणाचं वो? ओव्याचं पाणी आणू का?"

पण मिस्त्रींना कळलं होतं. माझ्या हाताच्या त्या गोल फिरण्यावरून कळलं होतं. ते मांडीवर थाप मारून हसायला लागले, इतके की डोळ्यांतून पाणी आलं आणि लेक घाबरून बाहेर आली.

"सुटू दे की!" ते म्हणत होते. "चांगलं सुटू दे!"